मडगार्डवरचा हात

"इंजिन बोलतंय. आपण मधे बोलायचं नाही."

विश्रांतवाडीतल्या आमच्या मिस्त्रींचं हे ठरलेलं वाक्य. बॉनेट उघडायचं, डावा तळहात मडगार्डवर पालथा टेकवायचा आणि माझ्या तोंडाकडे बघून हे म्हणायचं. मला वाटायचं, मी फार बोलतो म्हणून. घरचेही तेच म्हणतात, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

मग ते हाक मारायचे, "अगं, ये जरा."

खुर्चीवर मेथी निवडत बसलेल्या वहिनी उठायच्या, इंजिनापाशी कान न्यायच्या आणि मिस्त्रींच्या हाताशेजारी मडगार्डवर बोटांनी वाजवायच्या. टक-टक, टक-टक. कधी नुसती घाई, कधी मधेच एक जड ठोका. मिस्त्री डोळे मिटून ते तळहातानं घ्यायचे आणि सांगायचे, "टॅपेट." बहुतेक वेळा टॅपेटच ढिलं झालेलं असायचं. इंजिन ठीक असलं, तर वहिनी काहीच वाजवायच्या नाहीत. नवऱ्याचा हात हलकेच थोपटायच्या आणि परत मेथीकडे.

मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं. तरुणपणी गाड्यांचा पत्रा ठोकायचं काम केलं, त्यात कान गेले. दोघांनी ही गोष्ट जिवापाड लपवली होती, कारण बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी टाकणार कोण? आणि ती आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती. पाठीशी हॉर्न वाजला तरी जो माणूस वळत नाही, त्याचं गुपित टिकणार किती? पण कोणी बोललं नाही. समोरच्याला त्याचं टक्कल तोंडावर सांगणारं आपलं शहर. इथं एवढं मोठं मौन मी दुसरं पाहिलेलं नाही.

एक नवं गिऱ्हाईक मात्र एकदा म्हणालं, "काकू, हे ढोल काय वाजवताय?"

"काय करणार," वहिनी म्हणाल्या, "पथकात घेत नाहीत."

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता.

त्यानंतर माझ्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि चढ आला की गाडी धापा टाकू लागली. "तुमच्यावर गेलीय," बायको म्हणाली. एका ठिकाणी नवा नॉक सेन्सर बसवून घेतला. दिवा गेला आणि परत आला. शेवटी मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी मीटर काढला. तारेचं सेन्सरकडचं टोक आणि गाडीच्या कंप्युटरकडचं टोक मीटरला लावलं. तार अखंड असेल तोवर मीटर शिट्टी देतो. मिस्त्री आकड्यावर नजर ठेवून तार बोटाबोटानं वाकवत गेले. एका जागी शिट्टी तुटली. मी ती ऐकली, त्यांनी पाहिली.

"सेन्सर म्हणजे गाडीचा कान," ते म्हणाले. "आत ठोके पडले की कंप्युटरला कळवतो. कान चांगलाय हो. तार आतून तुटलीय, वरून शाबूत दिसते. निरोप पोचत नाही, म्हणून गाडी घाबरून चालतेय."



तार जोडली, वर आवरण चढवलं, दिवा घालवला. इंजिन चालू झालं. मिस्त्रींनी सवयीनं तळहात मडगार्डवर टेकवला, डोळे मिटले.

"अगं, ये जरा."

खुर्ची भिंतीशी होती तशीच होती.

मी पुढे सरकलो. इंजिन सुरेख चाललं होतं, एक ठोका नाही. म्हणजे वाजवण्यासारखं काही नव्हतंच. आणि ते दुसरं, हात थोपटायचं, ते माझं काम नव्हे. मी नुसता उभा राहिलो.

त्यांनी डोळे उघडले. "मला ऐकू येत नाही हो," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली. तीच ऐकायची. पण कोणाला कळू दिलं नाही तिनं."

मला खोटं बोलता येत नाही. बायको अर्ध्या वाक्यात पकडते. त्या दिवशी जमलं. त्यांना ओठ दिसतील असं, सावकाश म्हणालो, "काय सांगता मिस्त्री! आम्हाला कोणाला कधी शंकासुद्धा आली नाही."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही ना?"

"छे."

"बरं वाटलं असतं तिला."

गॅरेजचं शटर पुढे फार दिवस उघडलं नाही. मिस्त्री मुलीकडे गेले म्हणतात. कुठल्या गावी, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. माझी गाडी चढ हसत चढते.

मला आठवतात ते त्या दिवशीचे मिस्त्री. इंजिन बंद करायला मी किल्लीकडे हात नेला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. त्यांचा हात अजून मडगार्डवर पालथाच होता.