सावलीतली जागा

“मेल्यावर सावली कशाला लागते हो?”

बाहेरच्या खोलीत कुणीतरी हळूच म्हणालं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. प्रश्न मला आवडला, पण बाहेर गेले नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी कच्चं आहे, असा लोकांचा समज आहे. गप्प राहायला तो फार उपयोगी पडतो.

आमच्या गल्लीतल्या अक्का सकाळी प्रभूमध्ये निजल्या होत्या. जन्मभर नर्स होत्या. धुळ्याच्या आमच्या चर्चमधली कितीतरी माणसं त्यांच्याच हातांवर जन्मली, मीसुद्धा. संध्याकाळी दफनविधी होता. मे महिन्यातली जमीन लवकर फुटत नाही, म्हणून कबर कुठे खणायची ते लगेच ठरायला हवं होतं. त्यासाठीच चर्चचे पंच आणि अक्कांचा मुलगा आमच्या घरी जमले होते.

अक्कांच्या यजमानांची कबर कबरस्थानातल्या एकुलत्या एक निंबाखाली आहे. मुलाला आई त्यांच्या शेजारी हवी होती. जागा मोकळी होती. अडचण एवढीच, की माझ्या आजोबांच्या कबरीपासून थेट अक्कांच्या यजमानांच्या कबरीपर्यंत, तीन माणसं मावतील असा सिमेंटचा कठडा पप्पांनी बांधून घेतला होता. पप्पा चर्चच्या पंचांपैकी एक. परवानगी त्यांनीच मागितली आणि त्यांनीच दिली.

पप्पांना कुणी लोभी म्हणणार नाही. दुकानदाराने चुकून जास्त दिलेली चिल्लर परत करायला ते भर उन्हात जातात. आमच्या घरी लोभ हा कायम दुसऱ्याचा आजार: जळगावच्या सराफांचा, नाहीतर चाळीसगावला प्लॉट घेत सुटलेल्या काकांचा. गेल्याच रविवारी पप्पांनी प्रार्थनेत त्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला घेतला, जो मोठी कोठारं बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. लोभ म्हणजे मूर्तिपूजा, पप्पा म्हणाले. देवावरचा भरवसा कधी वस्तूवर जाऊन बसतो, माणसाला कळतही नाही. मम्मीने डोळे पुसले होते.

“भाऊ, तू ते मरानं आधीच सावली धरी ठेयेल शे!” पंचांतले सर्वांत वयस्कर नाना म्हणाले.

“तसं नाही, नाना. कुटुंब एकत्र असावं, एवढंच.”

“आमचंही कुटुंबच आहे, भाऊ,” अक्कांचा मुलगा म्हणाला.

“अरे, भिंतीकडे भरपूर जागा आहे.”

“तिथे पावसाळ्यात गटाराचं पाणी येतं.”

पप्पांचा आवाज एकदम उपदेशाचा झाला. “पुनरुत्थानाच्या दिवशी सगळे एकदमच उठणार. निंबाखालून काय, भिंतीजवळून काय!”

“मंग तूच जाय ना भिंतजोडे!” नाना म्हणाले.

कुणीतरी हसू दाबण्यासाठी खोकलं. तेवढ्यात मी चहा घेऊन गेले. अक्कांच्या मुलाने कप घेतला नाही. तो फरशीकडे बघत होता. आईला कुठे ठेवायचं हे त्याला आमच्या सोफ्यावर बसून मागावं लागत होतं.

“माझी असती तर दिली असती रे,” पप्पा त्याला म्हणाले. “पण कडेची जागा पोरीची आहे. बापाला पोरीचा विचार करावा लागतो.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, माप घेतल्यासारखं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. नवरा मिळाला तर सासरचं कबरस्थान, नाही मिळाला तर हा कठडा. माझी दोन्हीकडून सोय झाली होती.

पप्पा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या आवाजात खरंच माया होती, आणि मला भीती वाटली ती त्या मायेची. पैशाचा लोभ असता तर त्यांनी तो ओळखला असता, गुडघे टेकून क्षमाही मागितली असती. हा माझं नाव घेऊन आला होता. याच्याबद्दल ते देवाजवळ कधी काही बोलणारच नव्हते. उलट आभार मानणार होते.

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. कप वाजले.

“ती जागा माझी आहे ना, पप्पा? मग मी ती अक्कांना दिली.”