सगळ्या देशांचा पास

ऐंशीच्या दशकात परदेशी राहणाऱ्या पुतणीनं कळवलं होतं, "आप्पा, एकाच देशाचा रेल्वे पास घ्या, निवांत हिंडा." पण सीमाभागातल्या अनगोळच्या आमच्या वकील थोरल्या भावाला, आप्पाला, एक देश कसा पुरणार? जन्मभर सीमाप्रश्नावर घसा कोरडा केलेला माणूस! त्यानं युरोपभर चालणारा पास घेतला आणि वहिनीला घेऊन सीमेमागून सीमा ओलांडत सुटला. मधल्या गावांत उतरायला सवडच नव्हती. परत आल्यावर घरी येईल त्याच्यापुढं चहाआधी पासपोर्ट यायचा, कशासाठी, तर शिक्के बघायला. शेवटी मी वहिनीला विचारलं, तिकडं काय आवडलं? ती म्हणाली, "गाडीच्या काचा लई स्वच्छ व्हत्या बघा, भावजी."