ब्रेकवरचा पाय

त्या रविवारी भाच्याने चहा पिता पिता जे सांगितलं ते सांगितलं नसतं तर बरं, असं मला आठवडाभर वाटत राहिलं. मी आणि हे, म्हणजे माझे यजमान, ओमतीच्या बाजारातून सामान घेऊन आमच्या जुन्या गाडीतून राइट टाउनला घरी आलो होतो. भाचा स्कूटरवर आमच्या मागेच होता. तो म्हणाला, मामाजींचा पाय पूर्ण रस्ताभर ब्रेकवर होता, मागचे लाल दिवे एकदाही विझले नाहीत, वय झालं की माणूस असा घाबरून चालवतो. मुलगा वाईट बुद्धीचा नाही. तरी त्याच्या पुढ्यातली चिवड्याची बशी उचलून आत न्यावी असं मला वाटलं.

ह्यांना शुगर आहे, आणि हल्ली तळपायांना मुंग्या येतात. कधी एक चप्पल दारातच निघून राहते आणि हे तसेच आतपर्यंत चालत येतात. भाचा गेल्यावर ते खुर्चीत बसून आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले.

"पाय ब्रेकवर असंल अन् मलाच समजून नाही राहिलं, असं होऊ शकते," ते म्हणाले, आणि जुडग्यातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

उभी हयात कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेला हा माणूस. नुसत्या आवाजावरून यंत्राचं कुठे दुखतंय ते सांगायचे. त्यांना स्वतःच्या पायाचा भरवसा वाटेना, हे मला बघवत नव्हतं. त्यात आमच्या मुलाने पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या: गाडी विकून टाका, ऑटोने फिरा. भाच्याने लगेच कुंडम गावचं एक गिऱ्हाईक शोधलं. ते शनिवारी सकाळी गाडी बघायला येणार होतं. हे सगळ्याला हो म्हणत गेले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी किल्ली मागितली. गाडी पुसायची होती, एकदा चालू करून बघायची होती. बॅटरी अशक्त असल्यामुळे गाडी उभी केली की लगेच बोनेट उघडून तिची एक वायर काढून ठेवायची, ही ह्यांची सवयच. रविवारपासून ती वायर सुटलेलीच होती. मी गाडीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीजवळ कुंड्यांना पाणी घालत होते. ह्यांनी पुढे बोनेट उघडून वायर जोडली आणि इकडे माझ्यासमोरची भिंत लाल झाली.

वळून बघते तर मागचे दोन्ही दिवे लागलेले. मी वाकून काचेतून आत पाहिलं. गाडीत कोणीच नव्हतं.

"अहो, तुमचा पाय कुठे आहे?"

"काहून? इथंच आहे. बोनेटपाशी उभा आहे मी."

"मग ब्रेक कोण दाबून राहिलं?"

ते मागे आले. त्यांनी दिव्यांकडे बघितलं, मग खाली आपल्या पायांकडे, मग पुन्हा दिव्यांकडे. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि स्टिअरिंगच्या खाली डोकं घातलं. मी टॉर्च धरला.

ब्रेकच्या पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो. पाय काढला की पेडल वर येतं, स्विचची कांडी दाबून धरतं आणि दिवा विझतो. ती कांडी जिथे टेकते तिथे पेडलला एक प्लास्टिकची गुंडी असते, ते सांगत होते. गुंडी जुनी होऊन तिचा भुगा झाला होता. कांडी आता रिकाम्या भोकातून आरपार जात होती, म्हणून पाय असो नसो, दिवा लागलेलाच. तो भुगा खालच्या पायपुसण्यावर पडलेला मी स्वतः झाडून टाकला होता. ह्यांनी गाडीत बसून खारी खाल्ली असं समजून मनातल्या मनात बोलूनही घेतलं होतं.

नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात. इथे अंगणच वाकडं निघालं.

ह्यांनी आपल्या डब्यातून एक रुंद डोक्याचा बोल्ट शोधला, भोकात घातला आणि मागून नट आवळला. नवी गुंडी सोमवारी ओमतीहून आणू म्हणाले. मग दिवा बघायला ते मागे जाऊन उभे राहिले आणि पेडल दाबायला मला बसवलं.

"दाब," ते म्हणाले. मी दाबलं. "लागला. आता सोड." मी सोडलं. "विझला."

आठवडाभर घरात दबून बोलणाऱ्या माणसाचा आवाज मोकळा झाला होता. मी बसल्या जागेवरून सांगितलं की भाच्याला फोन करा, त्या कुंडमवाल्याला येऊ देऊ नका. बरं म्हणाले. पायाच्या मुंग्या काही खोट्या नव्हत्या, त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं हेही मी तिथेच कबूल करून घेतलं. त्यालाही बरं म्हणाले. आरशात ते मला दिसत होते, डिकीवर हात ठेवून उभे.

"एकटा असतो ना, तर चालवत राहिलो असतो," ते म्हणाले. "पायाचं जे व्हायचं ते होवो. पण तू बाजूला बसलेली असतेस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला असं काही कधी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. ते पुढे यायला निघालेले आरशात दिसले, तसं मी घाईने पेडल दाबलं.

"थांबा, तिथंच थांबा," मी म्हटलं. "अजून एकदा बघा. लागला का?"

"लागला," ते म्हणाले.

मी बराच वेळ पाय उचलला नाही.