अक्कांची तार

चाळीसगावच्या तारघरात मी नवा लागलो, तेव्हा मास्तरांनी बजावलं होतं, "तारेतला मजकूर आपल्या तोंडून बाहेर जाता कामा नये. सख्ख्या भावालाही सांगायचा नाही."

महिनाभरातच एका सकाळी मी उतरवून घेतलेली तार अक्कांची निघाली. त्यांच्याच घरी मी राहत-जेवत होतो. मुंबईत त्यांचा मुलगा अत्यवस्थ होता, लगेच बोलावलं होतं. तार वाटणारा शिपाई गावात दुसरीकडे गेलेला. मी जेवायला घरी गेलो. अक्कांनी गरम भाकरी वाढली, मी खाली मान घालून खाल्ली. तोवर दुपारची गाडी निघून गेली.

मग शिपाई आला. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद माझ्याच हातात दिला. "काय शे यामा, भाऊ?"

मी वाचून दाखवलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तुले माहीत व्हतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळच्या गाडीने त्या गेल्या. पोचल्या तेव्हा मुलाला स्मशानात नेऊन झालं होतं.

"तू बरोबर वागलास," मास्तर म्हणाले. पुढे मला कायम करतानाही त्यांनी हेच साहेबांना सांगितलं. अक्कांनी मला कधी बोल लावला नाही. मीच दुसरीकडे खोली पाहिली.