मालकांचा फेटा

अण्णा गेल्याची बातमी मला घरच्यांच्या आधी फॅन-ग्रुपवरून कळली. सांगलीतल्या माझ्या घरी सकाळचं दूध तापत होतं आणि मी एका हातानं मोबाइल बघत होते. ग्रुपवर एक फोटो आला. काळं जाकीट घातलेले, गिटार उंच धरलेले 'मालक', आणि त्यांच्या पायाशी एका छोट्या गोलात माझा थोरला भाऊ. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मला आधी वाटलं, मालकच गेले. खरं सांगते, क्षणभर वाईटही वाटलं. मग गोलातला चेहरा नीट दिसला... दूध उतू गेलं. वैनीचा फोन त्यानंतर आला. "वन्सं, ह्ये दुकानात बसल्या जागीच गेलं. कापड अजून पायावर तसंच हाय." रहिमतपूरला पोहोचले तर चौकात तोच फोटो फ्लेक्सवर चढलेला. गेलेल्या माणसापेक्षा जिवंत माणूस चौपट मोठा असलेला श्रद्धांजलीचा फलक मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

या मालकांचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. रॉक गाणारा मराठी गायक म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि नाही कळलं तरी बिघडत नाही. अण्णानं जन्मभर ते नाव इतक्यांदा घेतलं की आमच्या घराच्या वाट्याचं घेऊन झालं. आमच्याकडची पोरं ज्याला मानतात त्याला मालक म्हणतात. ऊस घरचा, जमीन घरची, कुणाच्या बापाचे मिंधे नाहीत, पण एक मालक पाहिजेच असतो.

अण्णाचा आणि मालकांचा संबंध जुळला तो साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला. तेव्हा मालकांना कुणी ओळखत नव्हतं. केस खांद्यापर्यंत, आवाज फाटका, गिटारची वायर सारखी निघत होती. पाहुण्यांना फेटे बांधायला म्हणून वडिलांनी अण्णाला पाठवलेलं, आणि मी कॉलेजात असल्यामुळे तिथं होतेच. मध्येच वीज गेली. अर्धा हॉल उठून चहाला गेला. हा बाबा मात्र स्टेजच्या कडेला येऊन बसला आणि माइकशिवाय गायला लागला. अण्णा शेवटच्या रांगेतून उठून पहिल्या रांगेत जाऊन बसला. परत येताना एसटीत खिडकीच्या गजावर त्याच गाण्याचा ठेका धरून होता. कोरेगाव आल्यावर म्हणाला, "शालू, आपल्या पोटातलं ह्येला कसं म्हाईत गं?" मला हसू आलं होतं. पोटातलं म्हणजे काय, तर लग्नात दुसऱ्यांच्या डोक्यावर तुरे काढणाऱ्या, स्वतः कायम मागं उभ्या राहणाऱ्या पोराच्या मनातलं. ते गाणं खरोखर त्याचंच होतं. आजही ते ऐकलं तर मला तसंच वाटेल, म्हणून मी ते ऐकत नाही. त्या माणसाची गाणी चांगली आहेत, हीच तर वाईट गोष्ट आहे.

मग सुरू झालं ते वेड. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, जिथं कार्यक्रम तिथं रहिमतपूरची जीप. काळे टीशर्ट, त्यावर मालकांचं तोंड, आणि डब्यात भाकरी न् शेंगदाण्याची चटणी. मला न्यायचं म्हटल्यावर आईनं पहिल्यांदा घर डोक्यावर घेतलं. अण्णा म्हणाला, "ती संगं असली म्हंजी आमी शिस्तीत ऱ्हातो." आईला ते पटलं, यातच आईचा भोळेपणा आला. शिस्त कसली, स्टेजसमोर आम्ही दोघं इतक्या उड्या मारायचो की दुसऱ्या दिवशी जिना उतरता यायचा नाही. आई तेल चोळता चोळता म्हणायची, "नाचा, पर गुडघं संभाळा. आपल्या घरचं गुडघं थोराड, म्हातारपणी लय रडवत्यात." मी तेव्हा किती सुखी होते ते आता कळतं. गर्दीत कुणी धक्का दिला की अण्णाचा हात माझ्या डोक्यावर यायचा. फेटे बांधणाऱ्याचा हात तो... हलकाच, पण डोकं जागेवरून हलू द्यायचा नाही.

त्याच्या कामाबद्दल लिहिलं पाहिजे, कारण त्याबद्दल कुणी फ्लेक्स लावला नाही. फेटे दोन तऱ्हेनं बांधतात. एक, माणसाला समोर बसवून त्याच्या डोक्यावर. दुसरी, पाय दुमडून, गुडघा उभा करून, त्या गुडघ्यावर. गुडघ्यावरचे झटपट होतात, टाके मारून पिशवीत भरले की झाले तयार. लग्नसराईत सगळे तेच करतात, आणि त्यात वाईट काही नाही. अण्णा मात्र करायचा नाही. "डोकं हातात आल्याबिगर फेटा कसा बांधायचा? मग तो मान कुनाला?" असं म्हणायचा. नवरदेव घाबरलाय की खूश आहे, सासऱ्याला ताप आहे की राग, हे त्याला बोटांनी कळायचं. गिऱ्हाईक वैतागायचं, वरात खोळंबायची, पण हा गडी एकेकाला समोर बसवणार आणि एकेक घडी चेपत बसणार.

आणि त्याच्या मनात एकच होतं. मालकांना एकदा फेटा बांधायचा. आपल्या हातानं, त्यांच्या डोक्यावर. त्यासाठी त्यानं कापड आणून ठेवलं होतं. तलम सुती, आटपाडीच्या डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग, आणि काठाला बोटभरही नसेल इतकी बारीक जर. ते कापड आमच्या घरात वर्षानुवर्षं होतं. त्याच्या पोराच्या, सागरच्या, बारशाला वैनी म्हणाली की ह्येच वापरू या, तर म्हणाला, न्हाई. सागर फौजेत भरती झाला तेव्हा गावानं सत्कार केला, तेव्हाही ते कापड कपाटातून निघालं नाही. "ते येगळं हाय." वैनीनं पुन्हा विचारलं नाही. दर पाडव्याला मात्र ती ते उन्हात घालायची, घडी बदलायची आणि परत ठेवायची.

शेवटी मालकच सांगलीत आले. आता ते मोठे झाले होते. पुढं सोफे, सोफ्यांवर पुढारी, मग दोरी, मग खुर्च्या, मग बांबू, आणि बांबूंच्या मागं आम्ही... जे वीज गेल्यावर उठून गेलो नव्हतो. पण आमच्याकडं सत्काराशिवाय पाहुणा जिल्ह्याबाहेर जात नाही. रॉक असो नाहीतर कुस्ती, शाल, नारळ आणि फेटा व्हायलाच पाहिजे. आयोजक अण्णाच्या ओळखीचा निघाला. तिसऱ्या गाण्यानंतर अण्णाला वर बोलावतो म्हणाला. बोलावलं. अण्णानं स्टेजच्या पायरीशी चप्पल काढली, देवळात काढतात तशी. हात धुऊन आलाच होता. मी बांबूला रेलून मोबाइलवर चित्रीकरण करत होते आणि माझ्याच डोळ्यांतल्या पाण्यानं मला पडदा दिसत नव्हता.

तो बांधायला लागला आणि त्याला घाई करता येईना. मालक उभेच. बसा म्हणायचं अण्णाला सुचलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे. टाचा उचलून बांधत होता. ड्रमवाला टकटक करायला लागला. गर्दी हसली. मालक माइकवर म्हणाले, "काका, आवरा, माझ्या लग्नाला वेळ आहे अजून!" दोघं एकाच वयाचे असतील. अण्णाही हसला. त्यानं शेवटची घडी खोचली, तुरा सरळ केला, दोन्ही हातांनी ते डोकं क्षणभर धरलं आणि मग हात जोडले. फेटा असा बसला होता की मालकांचा चेहराच बदलला. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, त्या दिवशीचे फोटो आहेत.

पुढचं गाणं सुरू झालं. अण्णा पायऱ्या उतरून खाली पोहोचायचा होता. कडव्याच्या मध्यावर मालकांनी फेटा डोक्यावरून उपसला, एक टोक हातात धरून तो डोक्याभोवती गरगर फिरवला, सगळ्या घड्या सुटल्या, आणि ते डाळिंबी कापड त्यांनी गर्दीत भिरकावलं. काय ओरडली गर्दी! खाली पोरं तुटून पडली. चार बाजूंनी ओढलं. तलम कापड ते, किती टिकणार... फाटण्याचा आवाज गाण्यात ऐकू आला नाही, पण मला ऐकू आला.

मला माहीत आहे, तो माणूस दर कार्यक्रमात काहीतरी फेकतो. टॉवेल, बाटली, ड्रमच्या काठ्या. त्याच्या रीतीत तो लोकांना दिलेला मानच आहे, आणि झेलणाऱ्यांनी तो तसाच घेतला. हे मला त्या क्षणीही कळत होतं. कळत होतं म्हणून माफ केलं पाहिजे असं कुठं आहे? आमच्याकडं डोक्यावरचा फेटा कुणी फेकत नाही. एवढं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यालाही विचारावंसं वाटलं नाही.

अण्णा पायरीशी चप्पल शोधत होता. गर्दीनं ती कुठं नेली देव जाणे. अनवाणी जीपपर्यंत चालत आला. मी तोंडाला येईल ते बोलले, त्या मालकांच्या सात पिढ्या काढल्या. हा उलट मलाच समजावतोय. "आगं, त्येची रीत हाय ती. पोरांस्नी दिला. एकट्याच्या डोक्यावर ऱ्हायला असता, आता धाजणांकडं गेला न्हवं?" जीपमधली पोरं टाळ्या वाजवून गाणी म्हणत होती. हाही ओठ हलवत होता.

त्यानंतर मी पाडव्याला माहेरी गेले, तर अण्णा दुकानात पाय दुमडून बसलेला, आणि उभ्या गुडघ्यावर फेटा. शेजारी टाके मारलेल्या फेट्यांचा ढीग. मी बघतच राहिले. म्हटलं, "अण्णा, ह्ये काय?" वर न बघता म्हणाला, "लवकर हुतंय. डोकं कशाला लागतंय आता?" फेटे जरा सैल व्हायचे, गिऱ्हाईक तक्रार करायचं, तर म्हणायचा, "पिन लावा मागनं." हाच तो माणूस, ज्यानं एका घडीसाठी वराती थांबवल्या होत्या. मालकांच्या कार्यक्रमांना तो तरीही जात राहिला. काळा टीशर्ट, डबा, जीप, सगळं तेच. फक्त उड्या मारायचा नाही. गुडघे दुखतात म्हणायचा.

दहाव्याला ग्रुपमधली बरीच माणसं आली. जतहून एक जण मोटारसायकलवर आला होता, पाण्याचा टँकर चालवणारा, चांगला पन्नाशीचा. अण्णाच्या फोटोसमोर खरोखर रडला. मग पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये जपलेला कापडाचा तुकडा काढला. "मालकांच्या फेट्याचा हाय. सांगलीत घावला व्हता. लय जनांनी मागितला, कुनाला दिला न्हाई. अण्णांच्या फोटुला लावावा म्हनलं." वैनीनं तो हातात घेतला आणि जरीच्या काठावरून अंगठा फिरवला. वर्षानुवर्षं उन्हात घातलेलं कापड, तिनं ते डोळे मिटूनही ओळखलं असतं. म्हणाली, "भावजी, ह्यो ह्यांनी बांधल्याला. कापड बी ह्यांचंच."

"व्हय की वैनी. मालकांच्या डोक्याला लागल्यालं कापड हाय ते."

"मग हितंच ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं त्यातलं काय बी न्हाई."

तो माणूस चुळबुळला. वाईट नव्हता हो. पण त्याचा हात पुढं आलेलाच होता. "त्येवढं सोडून काय बी सांगा, वैनी... मालकांचा हाय." वैनीनं तुकडा परत दिला. त्यानं तो अण्णाच्या फोटोला लावला, मग स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि पाकिटात घालून घेऊन गेला. एवढे दिवस धीर धरलेली वैनी त्या दिवशी आत जाऊन मोठ्यानं रडली.

तेराव्याला सागरच्या डोक्यावर त्याच्या मामानं फेटा बांधायचा होता. बाप गेला की पोराला असा फेटा बांधतात आमच्यात, आता घर तुझं म्हणून. मामाला बांधता येत नव्हता. फेट्यांच्याच घरात कापड कशाला आणायचं म्हणून तो मोकळ्या हातानं आलेला. फळीवरचा तयार फेटा काढला आणि सागरच्या डोक्यावर ठेवला. फौजी कटिंगचं डोकं त्याचं. फेटा घसरून भुवयांवर आला. दुसरा काढला, तोही आला. तिसराही. जमलेले लोक खाली बघायला लागले. वैनी दारातून म्हणाली, "दादा, नका काढू आनखी. समदं एकाच मापाचं हायत. ह्यांच्या गुडघ्याच्या." शेवटी मागून पिना लावल्या. बाहेर वाकून पाया पडताना सागर एका हातानं फेटा धरून होता.

त्या ढिगातला एक मी सांगलीला घेऊन आले. साधा केशरी, लग्नातल्या पाहुण्यांना देतात तसला. घरात कुणाच्या डोक्यावर तो बसत नाही, माझ्या तर नाहीच. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मी खाली बसले, पाय दुमडला आणि तो माझ्या गुडघ्यावर ठेवून बघितला. आई म्हणायची ते खरं, आमच्या घरचे गुडघे थोराड... फेटा तसूभरही हलला नाही.