आमचं सिक क्वार्टर आणि बाबांची आखणी

हवाई दलात असून मी विमान कधी चालवलं नाही, हे पेणमध्ये कुणाला पटायचंच नाही. रजेवर आलो की एसटी स्टँडपासून घरापर्यंत चार जण तरी विचारायचे, काय मग, कुठवर उडवलंस? अहो, मी मेडिकल असिस्टंट होतो. सुया टोचणं, पट्ट्या बांधणं आणि वेळ पडली तर उडणाऱ्यांना जमिनीवर बसवणं, हे आमचं काम. यातलं शेवटचं लोकांना सांगूनही कळत नसे. घरच्यांनाही कळलं नव्हतं, आणि त्यावरून एकदा आमच्या गणपतीच्या कारखान्यासमोर मी असा तमाशा केला की धाकटा भाऊ अजून मला चिडवतो.

आमच्या तळावरचा दवाखाना म्हणजे सिक क्वार्टर. जुने सार्जंट सांगायचे, स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं तो इंग्रजांनी मागे सोडलेल्या पत्र्याच्या बराकीत होता. एका टोकाला खाटा, दुसऱ्या टोकाला औषधं आणि पावसात दोन्हीकडे बादल्या. मी गेलो तोवर पक्की इमारत झाली होती, डोळे तपासायला वेगळी खोली होती. बाळंतीण असो, पोरांची गालगुंडं असोत, मेसमधल्या कुकचं बोट कापलेलं असो, सगळं आमच्याकडेच यायचं. पण युनिट कशासाठी आहे ते सकाळी कळायचं. उड्डाणं असली की आमची रुग्णवाहिका धावपट्टीच्या कडेला तयार, आणि पायलट एकेक करून डॉक्टरसाहेबांपुढे. नाडी, रक्तदाब, कान, घसा. झोप झाली का, घरी काही भांडण वगैरे नाही ना. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी उड्डाण बंद, कारण विमान भराभर खाली येताना चोंदलेल्या कानाचा पडदा फाटू शकतो.

आणि हे वाघासारखे गडी सर्दी लपवायचे. नाक लाल, डोळ्यांत पाणी, आणि वर म्हणायचे की नाश्त्याची मिरची तिखट होती. साहेब कधी ओरडत नसत. दार लावून घ्यायचे, चहा मागवायचे, परत कधी उडता येईल ते आधी सांगायचे आणि मग आज नाही म्हणायचे. ज्याचं उडणं कायमचं थांबणार असे त्याच्याजवळ तर बराच वेळ बसायचे. फार मोठ्या मनाचा माणूस. मात्र लपवणाऱ्याला साथ देणारा त्यांना अजिबात खपत नसे. त्यांचा तो राग मी जसाच्या तसा उचलला होता.

असं डोकं घेऊन मी एका श्रावणात घरी आलो. बाबा मूर्तींचे डोळे आखायचे. आमच्याकडे रंगकाम कुणीही करो, आखणी घरातल्या मोठ्या माणसाचीच. तो आखणीला बसतोय तोवर दुसऱ्यानं त्याच्यासमोर डोळ्याला कुंचला लावायचा नाही, अशी रीत. मी बघत होतो, बाबांच्या डाव्या हाताशी ठेवलेली रंगाची वाटी सारखी कलंडत होती. डावीकडून कुणी आलं की ते दचकत होते. मूर्तीचा एक डोळाही जरासा खाली उतरलेला. दुपारी जेवून बाबा आतल्या खोलीत आडवे झाले, तसा धाकटा गुपचूप उठला आणि तेच डोळे पुसून नव्यानं आखू लागला. कारागीर माना खाली घालून आपापल्या कामात. हे गेल्या हंगामापासून चाललं होतं म्हणे.

माझं डोकंच फिरलं. त्याला दंडाला धरून बाहेर नेला आणि भर रस्त्यात झापला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मूर्ती काय विमान हाय, पडायला? बाबांच्या हातातनं कुंचला काढला तर त्यांच्यात राहील काय?"

अरे गाढवा, म्हटलं, मी मूर्तीच्या नाही, बाबांच्या डोळ्यांबद्दल बोलतोय. तुमच्या या मायेपायी म्हातारा आंधळा होईल.

बाबा उठल्यावर त्यांना समोर बसवलं. उजवा डोळा झाकायला लावला आणि युनिटमध्ये करायचो तसं डाव्या कानाकडून बोट हलवत पुढे आणलं. दिसलं की सांगा, म्हटलं. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तरी बाबा गप्पच. आधी भांडून, मग हातापाया पडून त्यांना पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डाव्याची नजर गेल्यात जमा, गेलेली परत येत नाही. उजवा थेंबांवर टिकेल, पण थेंब जन्मभर, एक दिवस न चुकता.

परतीच्या गाडीआधी स्टँडवर मी चहा मागवला. साहेबांसारखं सांगायला गेलो, की बाबा, तुम्हाला अजून काय काय करता येईल. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"तो दुपारी काय करतो ते मला ठाऊक हाय. झोपतोय कोण? पडल्यापडल्या ऐकतो, वाटीत कुंचला बुडतो तो."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं. निदान डोळ्याचं तरी सांगायचं.

"डोळ्याचं कळलं की माझ्या जागी त्यालाच बसवणार. आणि सगळ्यांसमोर बसवला तर त्याचा हात थरथरतो. चोरून करताना नाय थरथरत. म्हटलं, अजून एक हंगाम जाऊ दे, हात बसू दे त्याचा. मग सांगू डोळ्याचं."

मी भर स्टँडवर बापावर ओरडलो. एका हंगामासाठी डोळा घालवलात, असं म्हणालो आणि तिथंच रडलो. त्यांनी आपला चहा माझ्याकडे सरकवला.

"मला ठाऊक हाय हे त्याला सांगू नको. मोठ्या मूर्ती अजून राहिल्यात."

घरी येऊन मी धाकट्याला काचबिंदूचं सांगितलं, थेंबांचं सांगितलं आणि तेवढ्यावरच थांबलो. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाबा आडवे झाले. त्यांच्या उजव्या डोळ्यात थेंब घातला आणि खोलीचं दार मी स्वतः उठून लावून घेतलं, त्याला बाहेर निवांत काम करता यावं म्हणून.