मोकळा केलेला बॉल

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझी पोरगी एकोणचाळीस. ती गोल्फच्या मैदानावर कचेरीत कामाला होती. लोखंडी काठी तिनं पहिल्यांदा हातात धरली ती तेहतिसाव्या वर्षी. "या वयात विटीदांडू काहून वं?" असं मीच म्हणालो होतो. तिनं ऐकलं नाही. हट्ट माझाच उतरला आहे तिच्यात.

त्या वर्षी तिची परीक्षा होती. पास झाली तर खेळ हाच तिचा धंदा होणार होता. जितके फटके कमी तितका खेळाडू मोठा, एवढं मला समजलं होतं. शेवटच्या दिवशी तिची काठ्यांची पिशवी उचलणारा माणूस तापानं पडला. मी म्हणालो, मी येतो. महाल वस्तीत चाळीस वर्षं हातमाग चालवला, पिशवीचं काय घेऊन बसली?

बॉल घालायचे शेवटचे दोन खड्डे राहिले होते. तिचा बॉल गवतात गेला. मी पुढे जाऊन शोधला, तर हरळीच्या मुळ्यांत पार गुंतलेला. मागावर धागा गुंतला की बोटं आपोआप जातात, मालकाला विचारत नाहीत. मी दोन बोटांनी बॉल सोडवला, साफ जागेवर ठेवला आणि ती आली तसं ऐटीत म्हणालो, "घे वं, मोकळा केला."

तिचा चेहरा उतरला. तिनं स्वतःच हात वर करून पंचाला बोलावलं.

"कोनं पाह्यलं? काहून सांगून राहिली?"

"तुम्हीच सांगितलं ना मले, बाबा. आता मले माहीत आहे."

बॉल परत मुळ्यांत ठेवायला लावला, वर एका फटक्याचा दंड. मी पंचाशी भांडलो, "हात माझा होता. मले काढा बाहेर, तिले काहून?"

तो म्हणाला, "काका, पिशवी तुमच्याकडे आहे. तुमचा हात म्हणजे त्यांचाच हात."

त्या एका फटक्यानं ती परीक्षेत राहिली.

हे मला अजून उमगलं नाही. आमच्या मागावर ज्याच्या हातून वीण चुकली, बोलणी त्यानंच खाल्ली. इथं मी चुकलो आणि नापास ती. आणि माझा हात जर तिचा, तर तिनं रागवायचं कोणावर? घरी ती जेवायला बसली. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोलली. मी शिव्यांची वाट पाहत बसलो.

पुढच्या वर्षी चाळिशीत ती पास झाली. आता गावोगाव खेळते, कधी वर येते, बरेचदा नाही. गल्लीतले विचारतात, "पोरगी पह्यली आली का गा?" मी म्हणतो, "तुम्हाले नाही समजणार." मला तरी कुठं समजतं?

पण त्या नापास दिवसाच्या दुसऱ्या सकाळी ती सरावाला निघाली, तेव्हा मी तिच्या खांद्यावरून पिशवी ओढून घेतली. ती नाही म्हणाली नाही. तिसराच बॉल गवतात गेला. मला सापडला, तसाच गुंतलेला. बोटं वळवळायला लागली. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तिला हाक मारली.